सिनेमातला चाचा

आमच्या मोहल्ल्यात व्ही.सी.आर. आला तो कुवेतहून. आमच्यातला एक जण तिथे गॅरेजमध्ये कामाला होता. १९८६च्या मे महिन्यात तो दोन महिन्यांच्या रजेवर आला, तेव्हा त्याच्या सामानात अम्मीसाठी कापड, बहिणींसाठी अत्तर-साबण आणि हा व्ही.सी.आर. होता. सोबत वीस-बावीस कॅसेटी. त्यातल्या निम्म्याहून अधिक घोड्यांच्या. म्हणजे वेस्टर्न. तेव्हापासून त्याचे नाव कुवेतवाला पडले, ते तो कायमचा गावी परत आल्यावरही सुटले नाही.

आम्ही पाच दोस्त. कुवेतवाला, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला आणि नुकताच हायस्कुलात लागलेला मास्तर, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेला वकील, हे लिहिणारे आम्ही, आणि पाचवा तो, ज्याच्यासाठी खरे तर हे लिहायला घेतले आहे. त्याला येथे नुसते दोस्त म्हणतो. इशाची नमाज झाली, घरातली मोठी माणसे झोपली की कुवेतवाल्याच्या ओटीवर आमची बैठक बसायची. एका रात्रीत दोन सिनेमे. मध्ये वीज गेली तर ती येईपर्यंत गप्पा.

अशाच एका रात्री त्याने एक कॅसेट लावली. तिच्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, तीही अर्धी पुसलेली. सुरुवातीला काही धड समजेना. धुके, अंधार, मेलेला बाप, मुलाच्या स्वप्नात आलेला. मग मुलगा जागा होतो तर समुद्राचा किनारा, आणि तिथे नाटकवाल्यांची फिरती मंडळी. त्यांच्यातला एक नट मोठ्याने काहीतरी म्हणतो आहे. वेस्टर्नमध्ये समुद्र कुठून आला, असे पुटपुटत कुवेतवाल्याने कॅसेट पुढे पळवायला हात घातला. तेवढ्यात मास्तर ओरडला, "थांबव! अरे हा हॅम्लेट आहे!"

आम्हाला वाटले, झोप आली म्हणून बरळतो आहे. पण ते खरेच हॅम्लेटचे प्रसिद्ध स्वगत होते.

तो सिनेमा १९६८चा. मूळ इटालियन नाव 'क्वेल्ला स्पोर्का स्तोरिया नेल वेस्ट', म्हणजे पश्चिमेतली ती घाणेरडी गोष्ट. इंग्रजीत तो 'जॉनी हॅम्लेट' म्हणून ओळखला जातो. दिग्दर्शक एन्झो जी. कास्तेल्लारी. कथेची मूळ कल्पना सर्जिओ कोर्बुच्ची यांची, ज्यांनी १९६६ साली 'जँगो' केला होता. 'जँगो' इतका चालला की जर्मनीत भलत्याच सिनेमांनाही तेच नाव चिकटवू लागले. आपल्या जॉनीलाही तिथे 'जँगो, कबर खोदणारे वाट पाहताहेत' अशा अर्थाच्या नावाने विकले गेले. हॅम्लेटचा जँगो झाला! ही माहिती आम्हाला पुढे फार उशिरा मिळाली. त्या रात्री आमच्यापाशी होते ते फक्त मास्तराचे बी.ए.चे इंग्रजी.

अशा इटालियन वेस्टर्नना 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हणतात. हे नाव आधी हिणवण्यासाठी पडले, मग लाडाचे झाले. १९६४ साली सर्जिओ लिओनेने अकिरा कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून 'ए फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला, क्लिंट ईस्टवूड तरला, आणि मग पुढच्या दहा-बारा वर्षांत इटलीत असे शेकडो सिनेमे निघाले. अमेरिका दाखवायची, पण चित्रीकरण बहुतेकदा स्पेनच्या उजाड भागात. इतके सिनेमे काढायचे तर गोष्टी आणायच्या कुठून? मग जुन्या पेट्या उघडल्या. १९६७ साली रोमिओ-ज्युलिएटचा वेस्टर्न झाला. १९६९ साली फेर्दिनांदो बाल्दीने ग्रीकांच्या ओरेस्टेसची शोकांतिका घोड्यावर बसवली. आणि मधल्या साली हा हॅम्लेट.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेतले यादवी युद्ध संपते आणि जॉनी हॅमिल्टन घरी येतो. बाप मारला गेला आहे. आईने चाचा क्लॉडशी लग्न केले आहे. चाचा सांगतो, सांताना नावाच्या डाकूने तुझ्या बापाला मारले आणि मी सांतानाला मारले, हिशेब मिटला. पण हिशेब मिटलेला नसतो, कारण सांताना जिवंत असतो आणि कुठेतरी सोने दडवलेले असते. रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न यांचे येथे रॉस आणि गिल्ड झाले आहेत, चाचाचे भाडोत्री बंदूकवाले. होरेशिओचा होरेस झाला. कबर खोदणारा मात्र जसाच्या तसा, अर्धा शहाणा अर्धा वेडा. शेवटी जॉनीला क्रुसावर टांगतात. गोळी लागलेली त्याची आई मरता मरता त्याच्यापर्यंत येते. पुढे जॉनी चाचाला संपवतो आणि होरेसबरोबर घोड्यावरून निघून जातो.

निघून जातो! मास्तर यावर जो चिडला तो आजतागायत चिडलेलाच आहे. त्याचे म्हणणे, हॅम्लेट मेला नाही तर शोकांतिका कसली? सगळे नाटक ज्या दिशेने चालले आहे तिथे न्यायचेच नाही, आणि वर पोस्टरवर हॅम्लेटचे नाव टाकायचे. दुसरे म्हणजे, हॅम्लेट विचार करतो. करू की नको, करू की नको, यातच पाच अंक जातात. हा जॉनी विचार करायच्या आधी पिस्तूल काढतो. मास्तराचा निकाल असा की, शेक्सपिअरची शेरवानी काढून खुंटीला टांगली आहे आणि आत नेहमीचाच गडी आहे.

कुवेतवाल्याचे उत्तर तयार होते. तो म्हणाला, "वेस्टर्नला आलेल्या माणसाने तिकिटाचे पैसे बदल्यासाठी दिलेत. त्याला शेवटी सगळी प्रेतेच दाखवलीस तर तो खुर्च्या मोडील." त्याला हा सिनेमा आवडायची कारणे वेगळीच होती. त्याचा जीव होरेसवर. हे काम केले आहे गिल्बर्ट रोलंड यांनी. मेक्सिकोत १९०५ साली जन्मलेला हा नट मूकपटांच्या काळात हॉलिवूडचा नायक होता. म्हणजे जॉनीशेजारी घोडा हाकताना त्याची साठी उलटली होती. तरी तो पडद्यावर आला की जॉनीकडे बघावेसे वाटत नाही. जॉनीचे काम करणारा अँद्रेआ जॉर्दाना त्या वेळी बाविशीच्या आसपास, देखणा. दोन वर्षांपूर्वीच इटालियन टेलिव्हिजनवर तो 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' झाला होता, म्हणजे बदला घेण्याचा त्याला सराव होता. तरी या पोराला दाढी चिकटवून आणल्यासारखे वाटते, असे कुवेतवालाच म्हणायचा. चाचा झाला आहे जर्मन नट होर्स्ट फ्रांक, आणि आई झाली आहे फ्रेंच नटी फ्रान्स्वाज प्रेव्हो. इटालियन मुलगा, जर्मन चाचा, फ्रेंच आई, मेक्सिकन दोस्त! अशा सिनेमांत चित्रीकरणाच्या वेळी ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलायचे आणि आवाज नंतर भरायचे, ही तिथली रीत. त्यामुळे ओठ एक सांगतात आणि कान दुसरेच ऐकतात. आम्हाला त्याचे काही वाटले नाही. आमच्या कॅसेटीत तर चित्रही मधून मधून तिरके व्हायचे.

पण चित्र तिरके होण्याचा सगळा दोष कॅसेटीचा नव्हता. कास्तेल्लारीचा कॅमेराच स्थिर राहत नाही. तो कलतो, फिरतो, भलत्या कोपऱ्यातून डोकावतो. मारामाऱ्या तर अशा की जणू माणसे कुस्तीच्या आखाड्यात वाढलीत. या माणसाच्या घरात सिनेमा आणि मुष्टियुद्ध दोन्ही होते. बाप मारिनो जिरोलामी आधी मुष्टियोद्धा, मग दिग्दर्शक. भाऊ एन्निओ याच सिनेमात रॉस झाला आहे. कास्तेल्लारीने पुढे १९७६ साली फ्रांको नेरोला घेऊन 'केओमा' केला, आणि त्याच्या १९७८च्या एका युद्धपटाच्या इंग्रजी नावावरून टॅरँटिनोने २००९ साली आपल्या सिनेमाचे नाव घेतले. वेस्टर्नच्या शौकिनांत आजही दोन तट आहेत. 'केओमा' मोठा की 'जॉनी हॅम्लेट', यावर ती मंडळी हमरीतुमरीवर येतात. फ्रान्चेस्को दे मासी यांच्या संगीतावर मात्र फारसे भांडण ऐकू येत नाही. ते सगळ्यांना आवडते. आम्हालाही. शीळ घालत घरी गेलो होतो त्या रात्री. तसेच ती कबरस्तानाची जागा. गुहेसारख्या अंधारात कबरी. एकदा पाहिली की विसरत नाही. आमच्यापैकी दोघांना तर बाकीचा सिनेमा विसरला, तेवढीच आठवली.

वकिलाचे मत त्या रात्री आम्ही हसण्यावारी नेले होते. आज वाटते की मुद्द्याचे तोच बोलला होता. तो म्हणाला, नाटकात भूत येऊन सांगते, तुझ्या चाचाने मला मारले. हॅम्लेटला प्रश्न पडतो, हे खरेच बापाचे भूत की सैतानाची चाल? म्हणून तो थांबतो. सिनेमात भूत नाहीच. नुसते स्वप्न आहे. आणि स्वप्नाची साक्ष कोणत्या काझीसमोर चालते? मग जॉनीला पुरावा शोधावा लागतो. कबरीपासून सांतानापर्यंत, एकेक धागा. "मास्तर, तू म्हणतोस तो विचार करत नाही," वकील म्हणाला. "तो तपास करतो. हॅम्लेटच्या मनात जे चाललेय ते यांनी बाहेर, उन्हात आणून मांडलेय."

मास्तराला हे पटले नाही. मास्तराला दुसऱ्याचे पटल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता राहिला दोस्त. तो त्या रात्री काहीच बोलला नाही. क्रुसाचा प्रसंग आला, जखमी आई लेकाकडे येते तो, तेव्हा तो उठून बाहेर गेला. आम्हाला वाटले बिडी ओढायला गेला असेल. सिनेमा संपला, मास्तर आणि कुवेतवाला भांडून दमले, तरी तो आला नाही. बाहेर पाहिले तर पायरीवरच्या चपलांत त्याची चप्पल नव्हती.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. सिनेमा चालू असताना आम्ही काय काय बोललो होतो! चाचा पडद्यावर दिसला की शिट्या. आईला तर नको ते नाव ठेवले होते. आणि आमच्या दोस्ताच्या अम्मीचा निकाह त्याच्या चाचाशी झालेला, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होते. आम्हालाच त्या रात्री आठवले नाही.

त्याचे वडील जहाजावर इंजिनखात्यात कामाला होते. १९७५ साली बसऱ्याच्या बंदरात वारले. तिथेच दफन झाले. घरी आली ती तार. दोस्त तेव्हा अकरा वर्षांचा, त्याच्या पाठी दोन बहिणी. चाचाचे बाजारात जाळी आणि सुताचे दुकान होते, वय सत्तावीस, लग्न व्हायचे होते. अम्मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. इद्दत झाली. त्यानंतरही सहा-सात महिने गेले. मग दादीने विषय काढला, मामू लोकांना विचारले, अम्मीला विचारले, आणि निकाह झाला. मोहल्ल्यात कोणी वावगे बोलले नाही. उलट चाचाची तारीफच झाली. पोरे उघड्यावर पडली नाहीत, घरातली सून घरात राहिली. निकाहाच्या दिवशी दोस्त पळून आजोळी गेला. पंधरा दिवसांनी मामूने आणून सोडला. त्या माणसाला त्याने शेवटपर्यंत अब्बा म्हटले नाही. चाचाच म्हटले. चाचानेही कधी हट्ट धरला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही माफी मागायला गेलो. त्याने विषयच काढू दिला नाही. खाडीवर पोहायला चला म्हणाला.

पुढे मास्तराच्या नादाने आम्हीही हॅम्लेटच्या मागे लागलो. मास्तराने सांगितले की मराठीत आगरकरांनी १८८३ सालीच 'विकारविलसित' या नावाने हॅम्लेट आणला. आम्हाला गंमत वाटली. विधवांच्या पुनर्विवाहासाठी हयातभर शिव्या खाल्लेल्या माणसाने नाटक निवडले ते कोणते, तर विधवा आईने पुन्हा लग्न केले म्हणून जळणाऱ्या मुलाचे! उर्दूतही हॅम्लेट लवकर आला. १८९८ साली मेहदी हसन अहसन यांनी 'खून-ए-नाहक' लिहिले, पारशी थिएटरने ते गाजवले, आणि १९३५ साली सोहराब मोदींनी त्याचा 'खून का खून' हा बोलपट केला. त्यात ऑफेलिया होत्या नसीम बानू. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीला हॅम्लेट उर्दूतून भेटून गेला होता, आम्हाला तो इटलीहून कुवेतमार्गे भेटला.

पण वाचता वाचता एक गोष्ट आमच्या घशाखाली उतरेना. हॅम्लेट आईच्या या लग्नाला नुसते घाईचे म्हणत नाही, नात्यातले पाप म्हणतो. भावाच्या विधवेशी लग्न, हेच मुळात पाप. असे का? मास्तराने समजावले. इंग्लंडचा आठवा हेन्री. त्याने थोरल्या भावाच्या विधवेशी, कॅथरीनशी, १५०९ साली पोपची खास परवानगी काढून लग्न केले. वीसेक वर्षांनी मन उडाले तेव्हा हेच कारण पुढे केले, की भावाच्या बायकोशी केलेले लग्न धर्माला मान्यच नाही. १५३३ साली ते लग्न रद्द ठरवून घेतले आणि अ‍ॅन बोलेनला राणी केले. एलिझाबेथ राणी या दुसऱ्या लग्नाची मुलगी. नाटक लिहिले गेले १६००च्या सुमारास, तिच्याच अमदानीत. असल्या लग्नाला कोणी भर रंगमंचावर जायज म्हणाला असता, तर राणीच्या जन्मावरच बोट गेले असते.

हे ऐकल्यावर आमच्या मनात नाटकाची घडीच बदलली. आपल्याकडे वाचणाऱ्याला क्लॉडियस आणि गर्ट्रूडच्या नात्यात हराम काही दिसत नाही. भावजय बेवा झाली, इद्दत संपली, तिची मर्जी असेल तर दिराशी निकाह होऊ शकतो. होतातही. मात्र नाटकात बाप जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत. चार महिने दहा दिवस कुठे, आणि दोन महिने कुठे! म्हणजे आपल्या हिशेबाने गर्ट्रूडचा गुन्हा नात्याचा नाही, इद्दतीचा आहे. वकील तर म्हणाला, इद्दतीत केलेला निकाहच नव्हे, हॅम्लेट हा पहिला मुद्दा सोडून भलतीकडे भांडत बसला. मास्तर त्यावर चक्क हसला. एवढी एक गोष्ट त्याला पटली असावी.

आणि सिनेमात? तिथे नात्याच्या पापाचा प्रश्नच कोणी काढत नाही. तिथे सोने आहे, खून आहे, खोटे बोलणारा चाचा आहे. आईने कुणाशी लग्न केले यापेक्षा तिला फसवले गेले हे मोठे. नाटकातली आई विषाचा पेला पिऊन मरते, तो पेला मुलासाठी ठेवलेला होता हे तिला ठाऊक नसते असे बहुतेक मानतात. सिनेमातली आई मात्र ठरवून मुलाकडे येते. ज्यांना हा सिनेमा उथळ वाटतो त्यांनी या एका जागेवर थांबून पाहावे, असे आम्ही म्हणू. बाकी ऑफेलियाच्या जागची मुलगी इथे केवळ हजेरी लावून जाते, नाटकातले शब्द मोडीत निघाले आहेत, हे सगळे कबूल.

२०१४ साली विशाल भारद्वाजांचा 'हैदर' आला, तेव्हा आम्ही पाचही जण एकत्र पाहायला गेलो. बशारत पीर यांच्याबरोबर लिहिलेली, १९९५च्या काश्मीरची गोष्ट. तिथेही आईच केंद्रात. तब्बूची गझाला. आणि तिथेही हॅम्लेट मरत नाही. मास्तर थिएटरबाहेर येऊन डोके धरून बसला, "अरे कोणीतरी मारा रे त्याला एकदा!" दोस्त मोठ्याने हसला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी त्याचे चाचा वारले होते. जनाजा त्यानेच पढवला होता. त्या हसण्याने आम्हाला धीर आला, आणि परतीच्या एस.टी.त आम्ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचे विचारले.

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग सांगू लागला.

"वकील म्हणाला होता ना, जॉनी तपास करतो? मीपण केला होता. चौदा वर्षांचा होतो. माझ्याही स्वप्नात अब्बा यायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते दारात उभे. मला वाटायचे, काहीतरी सांगायचेय यांना. मग मी त्यांची पेटी उघडली, सगळी पत्रे वाचली. चाचाने काहीतरी केले असणार, हे माझ्या डोक्यात पक्के होते. ते इथे दुकानात आणि अब्बा बसऱ्याला, मधे एवढा समुद्र, हे मला दिसतच नव्हते. अब्बांच्या जहाजावरचा एक माणूस पलीकडच्या गावचा होता. मी घरी न सांगता तरीतून पलीकडे गेलो. त्याला विचारले, माझे अब्बा कसे गेले? खरे सांगा. तो म्हणाला, कावीळ झाली बेटा. आठ दिवसांत गेले. आम्ही सगळ्यांनी मिळून माती दिली."

मग थोडे थांबून म्हणाला, "तुम्हाला सांगू? मला वाईट वाटले. खून झाला नव्हता याचे वाईट वाटले. हॅम्लेटला भूत मिळाले, त्या जॉनीला सांताना मिळाला, मला कावीळ मिळाली. कावीळीचा बदला कोणावर घेणार?"

आमच्यातला कोणी काही बोलला नाही. एस.टी. घाटात होती.

"घरी आलो तर संध्याकाळ झालेली. चाचा दुकान बंद करून मला शोधत बंदरावर उभे. त्यांनी विचारले नाही कुठे गेलो होतो. पलीकडच्या माणसाने पुढे त्यांना सांगितले असणार, छोटे गाव. पण मला कधी विचारले नाही."

"मग त्या रात्री उठून का गेलास?" कुवेतवाल्याने विचारले. त्याला आडवळण जमत नाही.

"तुम्ही शिव्या देत होता म्हणून नाही. चाचाला मीच तुमच्यापेक्षा जास्त दिल्या होत्या, मनात. त्या बाईमुळे गेलो. ती तशी सरपटत येतेय, आणि मला आठवले, निकाह झाल्यापासून दहाएक वर्षे मी अम्मीशी धड बोललो नव्हतो. जेवायला वाढ, पैसे दे, एवढेच. घरी गेलो तर ती जागी होती. मी म्हणालो, चहा कर. रात्री एक वाजता! तिने केला. आम्ही दोघे चुलीपाशी बसून प्यालो. बस, एवढेच झाले."

सिनेमाबद्दल त्याचे मत तिथे आम्हाला पहिल्यांदा कळले. तो म्हणाला, मास्तर म्हणतो जॉनी मरायला हवा होता. मेला असता तर बरेच झाले असते, त्याला उद्या उठून कोणाच्या घरात राहायचे हा प्रश्न पडला नसता. घोड्यावर बसून निघून जाणे म्हणजे सुटका, असे तुम्हाला वाटते. त्याला घरच उरले नाही म्हणून तो निघून जातो. चाचा वाईट निघाला, हे त्याचे नशीब. माझा चाचा चांगला निघाला, ते मला जास्त जड गेले.

मास्तराने यावर वाद घातला नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात कुवेतवाल्याच्या नातवाने तो सिनेमा आम्हाला पुन्हा मिळवून दिला. स्वच्छ प्रत, रंग लखलखीत. आमच्या कॅसेटीत जे काळे डबके दिसायचे ते कबरस्तान आहे, त्यात खोली आहे, पायऱ्या आहेत, हे आता कळले. दोस्ताच्या घरचा टी.व्ही. मोठा म्हणून बैठक त्याच्याकडे. पाचही जण साठी उलटलेले, म्हणजे त्या वेळच्या होरेसच्या वयाचे. कुवेतवाल्याने लगेच जाहीर केले की आता कळले म्हातारा घोड्यावरून एवढ्या सावकाश का उतरतो. मास्तर त्याच्या त्याच जागांवर चिडला. वकिलाने एकदा सिनेमा थांबवून जॉनीच्या पुराव्यातली एक फट दाखवली, आणि आम्ही त्याला गप्प बसवले.

दोस्ताची अम्मी आता ऐंशीच्या वर आहे. नजर कमी झाली आहे, पण कान तिखट. गोळीबार ऐकून ती आतून काठी टेकत आली आणि दाराशी खुर्चीवर बसली. आम्ही सगळे सावरून बसलो. पुढे काय येणार ते आम्हाला ठाऊक होते. कुवेतवाल्याने रिमोट शोधायचे नाटक केले. दोस्ताने त्याला हाताने थांबवले.

पडद्यावर होर्स्ट फ्रांक कुणावर तरी ओरडत होता. अम्मीने डोळे बारीक करून पाहिले.

"हा कोण त्या पोराचा?"

"चाचा," दोस्त म्हणाला.

"मग असा काय वागतोय त्याच्याशी?"

"सिनेमातला आहे अम्मी," तो म्हणाला, आणि आवाज थोडा कमी केला.